पाच फूट मोकळा ओटा, मध्ये एकही पाय नाही

माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर बसून ज्या ओट्यावर भाकरी करतात, त्या ओट्याखालच्या लोखंडी फ्रेमबद्दल मला सांगायचं आहे. घरी येणारा प्रत्येक जण वरच्या काळ्या ग्रॅनाइटवरून हात फिरवतो आणि पॉलिश छान आहे म्हणतो. खाली वाकून कुणी बघत नाही. आमच्या घरात खरं मोलाचं काम त्या खालच्या फ्रेमनं केलं आहे. ती कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका दोन माणसांच्या वर्कशॉपमध्ये झाली. करणाऱ्या मामांनी नाव लिहू नका म्हणून बजावलंय, हातातलीच कामं उरकत नाहीत म्हणतात, तेव्हा नाव देत नाही. काम कसं केलं ते मात्र सगळं लिहिते. समजून घेतलं तर कुठल्याही गावातल्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून ते करून घेता येईल.

आईंचं मणक्याचं ऑपरेशन झालं त्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून चाकाची खुर्ची. आधार धरून क्षणभर उभ्या राहतात, पण चालणं थांबलं. हात चांगले चालतात, खांदे दुखतात. पहिले सहा महिने त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची लावून मला सांगायच्या, "तवा तापला नाही अजून, थांब." मग एक दिवस म्हणाल्या, "मला पलीकडं यायचंय."

आमचा ओटा ३३ इंच उंच, खाली ट्रॉल्या. खुर्ची समोरून लावली की पाय ट्रॉल्यांना अडकायचे, आडवी लावली की कंबर वळवून काम करावं लागायचं, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलेलं. शेवटी ठरलं की खिडकीखालचा ५ फुटांचा भाग मोकळा करायचा. ट्रॉल्या काढायच्या, मधले दोन उभे कडप्पे काढायचे, ओटा ३० इंचावर आणायचा. मध्ये पाय चालणार नव्हता. पाय दिला तर अडीच-अडीच फुटांचे दोन कप्पे होतात; खुर्ची एका कप्प्यात जाते, पण शेगडीपासून काठवटीपर्यंत सरकता येत नाही. आईंना सरकायचं होतं. स्वयंपाक करणारा माणूस एका जागी खिळून राहत नाही.

पहिलं काम आम्ही एका ग्रॅनाइटवाल्याकडे दिलं. १८ मिमीचा दगड, पुढच्या कडेला खालून आणखी एक पट्टी चिकटवून दुहेरी मोल्डिंग, मागची कड भिंतीत इंचभर खाच मारून आत, डावीकडे भिंत आणि उजवीकडे उरलेल्या ओट्याचा उभा कडप्पा. बस्स. मी विचारलं होतं, मध्ये काहीच नको का? "वहिनी, ग्रॅनाइट हाय ते. हत्ती हुबा केला तरी काय हुत न्हाई बघा." पुढून बघितलं तर दुहेरी पट्टीमुळं दगड दीड इंच जाड दिसायचा. आम्हाला धीर आला. इंडक्शनच्या वायरसाठी त्यांनी ओट्याच्या बरोबर मध्यावर, मागच्या कडेपासून वीतभर अंतरावर चौकोनी भोक पाडलं, डायमंड कटरनं, चारही कोपऱ्यांत कटरची रेघ भोकाच्या बाहेर गेलेली.

अकराव्या दिवशी आई खुर्चीवरून उठताना दोन्ही हात पुढच्या कडेवर टेकून जोर देत होत्या, आणि दगड मोडला. भेग त्या भोकाच्या कोपऱ्यातून निघून सरळ पुढच्या कडेपर्यंत आली. डावा तुकडा कलंडून खुर्चीच्या हातावर टेकला म्हणून थांबला. खाली आईंच्या मांड्या होत्या. सगळा दगड मिळून ४५ किलोच्या वर. त्यांच्या मनगटाला खरचटण्यावर निभावलं, पण त्या दिवशी रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि सकाळी म्हणाल्या, "मला नको तो ओटा."

मी कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दोन टोकांवर टेकलेली पट्टी मध्ये वजन ठेवलं की किती लवते, याचं सूत्र अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. दोन आधारांमधलं अंतर त्यात घनात येतं आणि पट्टीची जाडी छेदात घनात येते. अंतर दुप्पट केलं की लवणं आठपट. जाडी अर्धी केली तरी आठपट. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच डोळ्यांसमोर तो दगड टेकवला जात असताना मला ते आठवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

हत्तीचं म्हणणं जमिनीवर पसरलेल्या फरशीला लागू पडतं. तिथं दगड नुसता दाबला जातो. अधांतरी टेकवलेला दगड लवतो, डोळ्यांना दिसत नाही इतका, पण लवतो. लवताना त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. ग्रॅनाइटसाठी एएसटीएमचं जे अमेरिकन मानक आहे, त्यात दाबासाठी किमान १३१ मेगापास्कल आणि वाकवून मोडण्यासाठी किमान १०.३४ मेगापास्कल ताकद मागितली आहे. जवळजवळ १३ पटींचा फरक. त्यातून मध्यावर, जिथं ताण सगळ्यात जास्त, तिथं चौकोनी भोक. आणि भोकाच्या टोकदार कोपऱ्यात ताण आणखी एकवटतो. लोखंड मोडण्याआधी वाकतं, आपल्याला कळतं. दगड कळू देत नाही.

अमेरिकेतल्या दगडकाम व्यावसायिकांच्या संस्थेची, नॅचरल स्टोन इन्स्टिट्यूटची, ओट्यांसाठीची शिफारस नंतर वाचली. २० मिमी दगड आधाराशिवाय २ फुटांपर्यंत, ३० मिमी दगड ३ फुटांपर्यंत. आमचा १८ मिमीचा होता आणि ५ फूट अधांतरी. आपल्याकडच्या जुन्या ओट्यांना हा प्रश्न येत नाही, कारण खाली कडप्प्याची दुसरी फरशी असते आणि दर दोन-अडीच फुटांवर उभा कडप्पा असतो. ती पद्धत ज्यांनी घालून दिली त्यांनी आकडे मांडले नसतील, पण अंतर बरोबर धरलं होतं. आपण मोकळी जागा हवी म्हणून उभे कडप्पे काढतो आणि त्यांचं काम कुणाला तरी द्यावं लागतं हे विसरतो.

यानंतर चार जणांना विचारलं. एकानं ३० मिमीचा दगड घ्या म्हटलं. एकानं भिंतीतून निघणारे जाड एल ब्रॅकेट सुचवले, तेही इंटरनेटवर फोटो दाखवून. एकानं मध्ये स्टीलचा बारीक पाय. चौथे हे उद्यमनगरचे मामा.

ते घरी आले ते टेप न काढता. आधी आईंसमोर खाली बसले. "आजी, खुर्चीवरनं उठताना हात कुठं टेकताय?" आईंनी जेवणाच्या टेबलावर टेकून दाखवलं. "परत एकदा." त्यांनी टेबलाच्या कडेखाली स्वतःचा तळहात लावून बघितला. मग विचारलं, भाकरी काठवटीत थापता का परातीत, खलबत्ता कुठं ठेवता, मोठ्यात मोठं पातेलं केवढं. आमच्याकडे रविवारी रश्श्याचं १० लिटरचं पातेलं चढतं. भरल्यावर १३-१४ किलो. मामा म्हणाले, पातेल्याचं काय नाही, ते गप बसतं. जोर आजींच्या हाताचा, आणि तो नेमका पुढच्या कडेला आणि मध्यावर.

आधीच्या कुणीही, मीसुद्धा, हा प्रश्न विचारला नव्हता. सगळ्यांनी लांबी-रुंदी विचारली होती.

मग ब्रॅकेटचा विषय निघाला. डावीकडची भिंत मामांनी बोटांनी वाजवली, ड्रिलला बारीक बिट लावून एक भोक पाडलं आणि खाली कागद धरला. पांढरी भुकटी आली. "लाल आली असती तर वीट. ही सिपोरेक्स." हलक्या सच्छिद्र ब्लॉकमध्ये साधा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, धरत नाही, हलतं वजन आलं की भोक मोठं होत जातं आणि एक दिवस फास्टनर हातात येतो. म्हणून त्यांनी ठरवलं की भिंतीवर एक किलोही टाकायचा नाही. फ्रेमचे चार पाय जमिनीवर, दोन डाव्या टोकाला भिंतीला लागून, दोन उजवीकडे कडप्प्याला लागून. मधले ५ फूट पूर्ण मोकळे. भिंतीत फक्त दोन फास्टनर, तेही फ्रेम पुढं सरकू नये म्हणून. पाय जिथं येणार तिथल्या टाईल्स त्यांनी हातोडीच्या दांड्यानं वाजवल्या. एक पोकळ वाजली, तिथं पाय चार इंच मागे घेतला आणि खाली १०० बाय १०० ची ६ मिमी प्लेट दिली.

खरी ओढाताण उंचीची होती, आणि इथं त्यांचं कसब मला दिसलं. ओटा ३० इंच. दगड १८ मिमी. आईंच्या गुडघ्याचा वरचा भाग खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून साडेपंचवीस इंच. खुर्चीचे हात काढता येतात, ती अडचण नव्हती. ७५ मिमी उंचीचा पाईप घेतला तर फ्रेम खूप ताठ होते, पण गुडघ्यांवर इंचभरही जागा उरत नाही. पुढची लहान चाकं टाईलच्या सांध्यावरून जाताना गुडघा उचलला जातो आणि पाईपला लागतो. ओटा वर घेतला तर आईंचे खांदे दुखतात, भाकरी थापताना कोपर खांद्यापेक्षा बरंच खाली हवं. पाईप बारीक घेतला तर तो लवणार. मामांनी ५० बाय ५० चा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाईप ठरवला. खाली सव्वासत्तावीस इंच मोकळे राहिले.

मी रात्री हिशोब मांडला. २५ बाय २५ चा पाईप दिसायला ५० च्या निम्मा, वजनाला निम्म्याहून थोडा कमी. पण त्याच २ मिमी जाडीत ५० चा पाईप लवायला ९ पट जड जातो. आईंचं ६२ किलो वजन सगळंच्या सगळं पुढच्या एकाच पाईपच्या मध्यावर आलं असं धरलं, तर ५० चा पाईप दीड मिलिमीटरच्या आसपास लवतो. २५ चा १३ मिलिमीटर लवला असता, आणि त्याच्याबरोबर वरचा दगडही लवायला गेला असता. नैसर्गिक दगडाच्या फरशीखालचा आधार अंतराच्या ७२० व्या भागापेक्षा जास्त लवू नये अशी मर्यादा पाळतात. आमच्या दीड मीटरला ती २ मिलिमीटर येते. आपण त्याच्या आत होतो. दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही कागदावर केला, मी हातानं केला, एकच की."

एक गोष्ट त्यांनी वर्कशॉपमध्ये दाखवली ती मी आता वर्गातही दाखवते. ५० बाय ६ ची लोखंडी पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून दाबली, करंगळीनं लवली. तीच पट्टी कडेवर उभी केली. मी दोन्ही हातांनी दाबली, हलली नाही. पट्टी तीच, वजन तेच, ताठपणा ६९ पट. कुणी तुम्हाला दगडाखाली "लोखंडाची पट्टी देतो" म्हणाला, तर ती आडवी देणार का उभी, एवढं विचारा. आडवी पट्टी दगडाला चिकटून राहते आणि दगडाबरोबरच लवते.

३० मिमीचा दगड आम्ही घेतला नाही. तो १८ च्या तुलनेत साडेचारपट ताठ आहे हे खरं, पण वजन पाऊणशे किलोच्या पुढं जातं आणि गुडघ्यांवरची अर्धा इंच जागा खातो. शिवाय तीन फुटांची मर्यादा त्यालाही आहेच, आपण पाच फुटांवर. फ्रेम लागणारच होती. आणि फ्रेम नीट असेल तर १८ मिमी पुरतो.

आता मधल्या पायाबद्दल. ज्यांनी तो सुचवला त्यांचा हेतू चांगला होता. पण गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या पुस्तकात एक हकिकत सांगितली आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांना दोन ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता. मध्ये मोडेल या भीतीनं कुणीतरी मध्याखाली तिसरा ओंडका सरकवला. काही महिन्यांनी खांब मोडला, बरोबर त्या तिसऱ्या ओंडक्याच्या वर. झालं असं की एका टोकाचा ओंडका कुजून खचला, मधला टिकला, आणि खांबाचा अर्धा भाग हवेत राहिला. आधार जास्त असून उपयोग नाही, ते सगळे एका पातळीत लागतात आणि पातळीत राहावे लागतात. फ्रेमवर एखादा वेल्डिंगचा फुगवटा ग्राइंडरनं काढायचा राहिला, तर तो फुगवटाच तिसरा ओंडका होतो. दगड त्या एका टोकावर टेकतो आणि तिथंच मोडतो.

मामांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं काम ठेवून ऐकली. पण त्यांना ती गोष्ट माहीत नसतानाही त्यांनी फ्रेमचं वेल्डिंग एका बाजूनं सलग न करता आलटून पालटून टाके घालून केलं होतं, कारण वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढतं आणि चौकट पिळवटते. शेजारच्या मशीन शॉपमध्ये बिडाची सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट केलेला जाड पाट, आहे; त्यावर फ्रेम उलटी ठेवून चारही बाजूंनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातली. एका कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची फट निघाली. पुन्हा तापवून सरळ केली. हे बघायला मी स्वतः गेले होते. फौंड्रीच्या गावात राहायचा हा फायदा. असली प्लेट पन्नास पावलांवर मिळते.

घरी फ्रेम उभी केल्यावर दगड लगेच ठेवला नाही. पुढच्या पाईपच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नायलॉनचा दोरा ताणला, पाईपपासून थोडा सुटा. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून ५० किलोची सिमेंटची दोन पोती आणून मध्यावर ठेवली. दोऱ्यापासूनची फट आधी मोजली होती, आता परत मोजली. फरक अर्ध्या सुतापेक्षा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरपेक्षा, कमी. पोती काढल्यावर पाईप जिथल्या तिथं. आई दारातून हे सगळं बघत होत्या. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुठल्याही शब्दांनी आलं नसतं. मी आठवडाभर त्यांना समजावत होते, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. पोती उचलल्यावर त्यांनी मामांना चहा विचारला.

दगड दुसऱ्याकडून आणला, साधा जेट ब्लॅक, पुढची कड एकेरी पण पूर्ण गोल, कोपराखालचा हात त्यावर टेकतो म्हणून. मध्ये भोक नाही. वायरसाठी डाव्या मागच्या कोपऱ्यात, पायाच्या अगदी जवळ, कोअर कटरनं गोल भोक. गोल भोकाला कोपरे नसतात आणि टोकाशी ताणही थोडा असतो. दगड फ्रेमच्या पुढं ३ इंच बाहेर आहे, बोटांना पकड मिळावी आणि पाईप गुडघ्यांच्या मागे राहावा म्हणून. २० मिमीच्या दगडाला ६ इंचांपर्यंत असं बाहेर काढता येतं म्हणतात. आमचा त्याच्या निम्मा.

दगड पाईपवर ठेवून मामांनी लग्नपत्रिकेच्या कागदाची पट्टी कापली आणि पाईप-दगडाच्या मधून सगळीकडे सरकवून बघितली. दोन ठिकाणी आत गेली. तिथं पातळ पीव्हीसीचं पॅकिंग दिलं, मग दगड उचलून सगळ्या पाईपवर सिलिकॉनची रेघ मारून परत ठेवला. सिमेंट का नाही विचारलं, तर म्हणाले सिमेंट ओल धरतं आणि खाली लोखंड आहे; सिलिकॉन थोडं दबतं, दगडाला गादी मिळते. २४ तास कुणी हात लावायचा नाही. आईंनी २४ तास मोजले.

खर्च लिहिते, कारण मला शोधताना कुणी सांगितला नव्हता. फ्रेम साडेचोवीस किलो भरली, मजुरीसह १४० रुपये किलोनं ३,४३० रुपये. पावडर कोटिंगचे ७०० वेगळे. बसवणं धरून फ्रेमचे सगळे मिळून पाच हजारांच्या आत. मोडलेल्या पहिल्या दगडाला आणि त्याच्या मजुरीला यापेक्षा जास्त गेले होते.

तक्रारी आहेत. काम सांगितल्यापेक्षा ९ दिवस उशिरा मिळालं, आणि त्या ९ दिवसांत फोन उचलला गेला नाही. आईंनी दर संध्याकाळी विचारलं आणि मला दर संध्याकाळी नाही सांगावं लागलं. हे मी मामांना स्पष्ट सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या गिऱ्हाईकाला त्यांनी तारीख वेळेवर पाळली का ते मला माहीत नाही, तेव्हा तुम्ही कुणाकडेही द्या, तारखेत आठ-दहा दिवस जास्तीचे धरा. पावडर कोटिंग उजव्या पायाला खुर्चीचं चाक घासून तिसऱ्याच महिन्यात निघालं. जिथं चाक फिरतं तिथं पावडर कोटिंग टिकणार नाही, हे आधीच ओळखून खालच्या फूटभर भागाला स्टेनलेसचं कव्हर द्यायला हवं होतं. आता रेड ऑक्साईड मारून वर ऑईल पेंट दिलाय, आणि फरशी पुसताना पाणी आत जाऊ नये म्हणून प्लेटभोवती सिलिकॉन. पाईपची उघडी टोकं मामांनी पत्रा वेल्ड करून बंद केलेली आहेत, ते चांगलं केलं. पाईप आतून गंजायला लागला की बाहेरून कळत नाही. पुढच्या पाईपची खालची कड थंडीत गुडघ्याला गार लागते असं आई म्हणाल्या, म्हणून मी तिथं जुन्या योगा मॅटची पट्टी चिकटवली आहे.

तुम्ही डिशवॉशरसाठी ओट्याखाली जागा करत असाल, तर तुमचं काम सोपं आहे. ६० सेंटिमीटरचं मशीन, म्हणजे २ फुटांचं अंतर. दोन्ही बाजूंना उभा कडप्पा असला आणि वर सिंकचं किंवा शेगडीचं भोक येत नसलं की झालं. भोक येत असेल तर भोकाच्या पुढं-मागं उरणाऱ्या तीन-चार इंचांच्या पट्ट्या बघा. सगळ्यात आधी तिथंच तडा जातो, बहुतेक वेळा दगड वाहून आणतानाच. खिडकीसमोर स्टुलं ठेवून बसायचा नाश्त्याचा ओटा करत असाल तर दगड किती बाहेर आहे ते मोजा आणि लहान मुलं त्यावर चढणार हे धरून चाला.

पण ज्यांच्या घरी कुणी खुर्चीत बसून काम करणार आहे, त्यांनी फॅब्रिकेटर आणि दगडवाला एकाच दिवशी घरी बोलवावेत, आणि त्या दिवशी खुर्चीतला माणूस खुर्चीतच बसलेला असावा. आम्ही पहिल्या वेळी मापं घेतली तेव्हा आई आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

परवा आठ महिने झाले. आईंनी दोऱ्याची परीक्षा परत करायला लावली. तोच दोरा मी डब्यात जपून ठेवला होता. पोती नव्हती, म्हणून त्या स्वतः कडेवर हात टेकून उठल्या आणि मी खाली वाकून स्केल लावली. फरक दिसला नाही, निदान माझ्या स्केलवर नाही. "मग सोड आता," म्हणाल्या, आणि शाळूच्या पिठाचा डबा मागितला.